कोंबडा न घेणारा देव

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी काढलेली नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत मी भरभरून बोलतो — पण बहुतेक दुसऱ्यांच्या पापांविषयी. तुझ्यापाशी काढतो आहे, कारण तू माझी पत्रकं वाचली आहेस, त्यांतल्या आवेशावर मान डोलवली आहेस. वेठीविरुद्धचं पत्रक माझं. दारूच्या गुत्त्याविरुद्धचं माझं. देवाच्या कोपावरचं, ज्याच्या प्रती संपल्या म्हणून पुन्हा छापावं लागलं, तेही माझंच. ते कुठून आलं हे तुला ठाऊक नाही.

मी दुष्काळातलं पोर. दाविदकाकांना मी नाशिकच्या रस्त्याला सापडलो, आईशेजारी बसलेला — ती आता उठायची नाही हे मला कळलेलं नव्हतं. दाविदकाका ख्रिस्ती प्रचारक. त्यांनी मला खांद्यावर घातलं, वाढवलं, मोठा झाल्यावर मिशनच्या छापखान्यात लावलं. छपाईचे खिळे जुळवता जुळवता पवित्र शास्त्र माझ्या बोटांत शिरलं. आणि काय शिरलं म्हणशील? राग. मोशेनं पाट्या आपटून फोडल्या, प्रभूनं मंदिरातले चौरंग उलथले, संदेष्ट्यांनी राजांना तोंडावर सुनावलं — ही पानं मी चढ्या आवाजात वाचायचो. 'मंदक्रोध' हा शब्दही त्याच शास्त्रात आहे. देव मंदक्रोध आहे, त्याला राग उशिरा येतो. तो शब्द मी कितीदा जुळवला असेन! वाचताना मात्र मी त्याच्यावरून उडी मारायचो. मला उशिरा रागावणारा देव काय कामाचा होता? माझी आई रस्त्यात गेली होती.

असा मी दाविदकाकांबरोबर जव्हारला आलो. बाजाराच्या मागच्या अंगाला एक खोली नि तिची ओसरी आम्हाला भाड्यानं मिळाली. काका गावात शाळा चालवत, मी पाड्यांवर फिरे. सूर्यमाळच्या बाजूला एक पाडा होता — कुडाची विखुरलेली घरं, खाली ओहोळात खणलेला एक झिरा. उन्हाळ्यात बायका त्या झिऱ्याशी पाळी लावून बसायच्या, पाणी सुटेल तसं करवंटीच्या डवल्यानं भरून घ्यायच्या. त्या पाड्यात मला पहिल्यांदा घरात घेतलं ते धवळूनं. भाताचा नि नागलीचा शेतकरी, बारीक अंगाचा, जिभेचा तिखट. मला सगळे 'मास्तर' म्हणत आणि 'तू' म्हणत — तिकडे राजालाही 'तू'च म्हणतात. माझा देव कोंबडा, नारळ, ताडी काही घेत नाही असं मी सांगितलं, तेव्हा धवळू म्हणाला होता की देव नाही घेत, पण मास्तर रविवारी घेतो, म्हणजे देवाचा वाटा कुठे जातो ते कळलं. त्याची बायको जानी पदर तोंडावर धरून हसली. मीही हसलो. त्याच्या घरची भाकर खातच हसलो.

वेठ तुला माहीत आहे. त्या रानात एक ठेकेदार साग तोडायचा, आणि तोडलेले ओंडके ओढायला पाड्यातली माणसं नि बैल फुकट धरून न्यायचा. तेही केव्हा? राब भाजायच्या दिवसांत. पाऊस येण्याआधी पालापाचोळा, फांद्या, शेण रोपाच्या जागेवर पसरून जाळायचं असतं. ते राहिलं तर रोप नाही, रोप नाही तर वर्षभर पोटाला नाही. मी चिडलो. खरं सांगतो, तो राग चांगला होता. तेवढा एकच चांगला होता.

मी सांगितलं: या खेपेला कोणी जायचं नाही. ठेकेदाराची माणसं येण्याआधी पहाटे बैल घेऊन वरच्या रानात निघून जा. रिकामा पाडा बघून ती काय करतील? म्हाताऱ्या चिंतूनं, पाड्याच्या कारभाऱ्यानं, बराच वेळ विचार करून होकाराची मान हलवली. गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरलं. पाड्यानं ती जाऊ दिली नाही.

मी दिली. जव्हारला परत आल्यावर जेवताना दाविदकाकांना सगळं सांगून टाकलं — कोणती वाट, कोणती पहाट. का सांगितलं? शाबासकीसाठी. ज्या माणसानं मला खांद्यावर घातलं त्यानं एकदा म्हणावं, पोरा, तू मोशे झालास.  ते ताटातला भात गोळा करत राहिले.

पहाटे पाडा वरच्या वाटेला लागला तेव्हा ठेकेदाराची माणसं वाटेवरच बसलेली होती. काठ्या घेऊन. चिंतूचा हात मोडला. बैल सगळे नेले, राब तसाच राहिला. ओढून ओढून एक बैल ओंडक्याखाली मेला. बाकीचे परत आले ते बरगड्या मोजाव्यात असे. फक्त धवळूचे बैल वाचले. त्याची बहीण सोमी साखरशेतला दिलेली, तिच्या घरी गडीमाणूस आजारी, म्हणून आदल्या दिवशी तो आपली जोडी घेऊन तिच्या राबाचं शेण वाहायला गेला होता. चिंतूला विचारून गेला होता. पण मार खाल्लेल्या माणसाला असलं काही आठवतं का?

मी तिथं पोचलो तेव्हा पाडा गप्प होता, आणि मी — मी पेटलो होतो. कुणीतरी आपल्याला विकलं. हे मला सोसवेना. मी उभा राहिलो आणि देवाचा कोप वाचला. फितुरांवरचा, गरिबांची वाट अडवणाऱ्यांवरचा, पुरासारखा येणारा, धुऊन नेणारा. इतकं चांगलं मी तोवर कधी बोललो नव्हतो. म्हातारे रडले. मी स्वतःच्या आवाजावर शहारलो.

मग चिंतूनं, कामट्या बांधलेला हात मांडीवर धरून, साधा प्रश्न केला.

"कोणच्या घरावर हाय?"

तुला हा प्रश्न विचित्र वाटेल. तिथं तो वाटत नाही. तिकडे कुठलाही देव रागावला की भगताकडे जातात. भगत सुपात तांदूळ टाकून दाणे बघतो, आणि कोणत्या घरावर राग आहे ते सांगतो. राग हवेत सोडून कोणी घरी जात नाही. भगताच्या या धंद्यावर मी झोडपून लिहिलं आहे, तू वाचलं असशील. आणि चिंतूनं विचारलं तेव्हा मी काय केलं? म्हणालो का, की शास्त्रात असं घर दाखवत नाहीत? की सूड देवाचा आहे, माणसानं त्यात हात घालायचा नाही? म्हणालो का, की मला माहीत नाही?

मी म्हणालो, "त्या पहाटे जो तुमच्यात नव्हता त्याला विचारा."

नाव घेतलं नाही. या चलाखीवर मी बरेच दिवस जगलो — नाव तर घेतलं नाही! धवळू समोरच बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, थट्टा चालली आहे की काय असं. मग सगळ्यांकडे पाहिलं.

त्या दिवसापासून झिऱ्यावर जानीची पाळी येईना. तिचा हंडा शेवटी ठेवायचे, आणि शेवट आला की झिऱ्यात चिखल उरायचा. बायका म्हणायच्या, ठेकेदाराकडं माग पानी, त्याच्याकडं विहीर हाय. ती ओहोळ उतरून पार दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याला जाऊ लागली.

मला हे कळलं तेव्हा मी जव्हारात होतो, आणि बोललो दाविदकाकांजवळ. फितुराला शिक्षा होते आहे, असं काहीसं बोललो. काका माझा सदरा शिवत होते. सुई थांबवून त्यांनी सांगितलं. ठेकेदाराकडे ते स्वतः गेले होते. आपण होऊन. समजूत घालायला, म्हणाले — माणसं रानात पळताहेत, पाठलाग होईल, कोणी मरेल, त्यापेक्षा तू दोन दिवस थांब, त्यांना राब भाजू दे. बोलण्यात वाटही निघाली, पहाटही. ठेकेदारानं हो हो म्हटलं. त्यानंच आमच्या प्रार्थनामंदिराच्या छपराला साग द्यायचं कबूल केलेलं होतं, तेव्हा शब्द राखील असं काकांना वाटलं.

पायाखालची जमीन गेली म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. माझी आई गेली तेव्हा समजलं नव्हतं. ज्या माणसावर मी माझं सगळं उभं केलं होतं त्यानं माझा शब्द उचलून शत्रूच्या हातात दिला — आणि वर सदरा शिवत होता! मी ओरडायला हवं होतं. चौरंग उलथायला हवे होते. आयुष्यभर ज्या रागाची कसरत केली तो त्या घटकेला आलाच नाही. मला फक्त भीती वाटली. की आता धवळूचं काय करायचं.

करायचं काय ते उघड होतं. उठायचं, सूर्यमाळची वाट धरायची, पाड्यासमोर सांगायचं: फोडलं आम्ही. आधी मी, मग यांनी. एका दिवसाची चाल. मी उठलो नाही.

धवळू आला. भर उन्हात, काखेत एक लाल कोंबडा. ओसरीच्या खाली उभा राहिला, वर आला नाही. दाविदकाका आत होते, दार उघडं होतं. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू जात होता.

तो म्हणाला, मी काय केलं ते मला ठाऊक नाही, पण देव रागावला तर रागावला, त्याचं देणं देऊन टाकू. वाघदेव कोंबडा घेतो नि संध्याकाळपर्यंत गप होतो. दुसऱ्या दिवशी ज्याला वाळीत टाकलं त्याला पंगतीत घेतात, कोणी पुन्हा विषय काढत नाही.

"तुझा देव काय घेतो, मास्तर? तू खावास म्हनून नाय विचारीत. खरा सांग."

त्यांच्या रागाला शेवट होता. हे मला त्या क्षणी कळलं. ज्यांना मी अंधारातले म्हणत होतो त्यांच्या देवाला एका दिवसात विसरता येत होतं. आणि मी त्यांना असा देव आणून दिला होता जो कोंबडा घेत नाही, नारळ घेत नाही, आणि माफ करतो हे सांगायचं मी राहूच दिलं होतं. निनवे शहराला देवानं क्षमा केली म्हणून योना रुसून बसला होता, तसा मीही ओसरीवर बसलो होतो. पण योनाला निदान देवाचा राग येत होता. मला धवळूचा येत होता. तो निरपराध असल्याचा.

मी त्याला म्हणालो, "पश्चात्ताप कर."

"कशाचा?" त्यानं विचारलं.

 आतून खोकल्याचा आवाज आला, तेवढाच.  मग धवळूनं कोंबडा ओसरीच्या खांबाला बांधला आणि म्हणाला, आम्ही आता खाली जातो, भिवंडीकडे गवताच्या वखारींत माणसं लागतात. पाड्यात राहून बायको पाण्यावाचून मरेल. तुझ्या देवाचा राग उतरला की सोमीकडे निरोप धाड, साखरशेतला. तिकडून मला कळेल.

मी म्हणालो, धाडीन.

रविवारी दाविदकाकांनी कोंबडा कापला. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो. काकांनी डोळे मिटून अन्नाबद्दल आभार मानले, मी आमेन म्हणालो. नंतरच्या आठवड्यात मी ते कोपावरचं पत्रक लिहायला बसलो, आणि एका बैठकीत लिहिलं. लोक म्हणतात त्यात धार आहे.

दाविदकाका वारले. त्यांच्यावर ढकलायला मला आता पूर्ण मोकळीक आहे, आणि ढकलून पाहिलंही. जमत नाही. त्यांनी चूक केली ती भोळेपणानं. ओसरीवर बसून 'पश्चात्ताप कर' म्हणणारा मी होतो.

गेल्या हिवाळ्यात साखरशेतला मला बोलावलं होतं. प्रीतीवर बोललो. हल्ली प्रीतीवरच बोलतो. मागच्या ओळीत एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती, धवळूसारखंच बारीक अंग, धवळूसारखेच डोळे. माणसं पांगल्यावर ती पुढे आली. कडेवरचं पोर सावरून, अगदी अदबीनं, जणू दुखणाईताची चौकशी करावी तसं तिनं विचारलं —

"उतरला का, मास्तर?"

मी म्हणालो, "अजून नाही."