न शिकवलेला धडा

आदिलाबाद जिल्ह्यात बेला गावाजवळच्या आमच्या खेड्यात सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई माझ्याकडेच भाजी घेतात. सांगितला तो भाव देतात. घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला अंदाज येत नाही. बोलतात इतकं हळू, की पुढे वाकून ऐकावं लागतं, आणि प्रत्येक वाक्याआधी कोरडा श्वास ओढतात.

एकदा माझी पोरगी घरी इंग्रजी धडा वाचत होती. आवाज बाईंचा, श्वासही बाईंचा. मी पुस्तक ओढून घेतलं, तरी ती त्याच आवाजात पुढचं म्हणत राहिली. माझं डोकं फिरलं. इंग्रजी पावती वाचता येत नाही म्हणून आदिलाबादचे व्यापारी मला आजही हसतात. पोरीला तरी वाचता यावं, एवढ्यासाठी मी राबतो.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात जाऊन ओरडलो, "मॅडम, तुमी लेकरायले वाचाले शिकवून राह्यल्या, का तुमची नक्कल कराले?"

बाई रागावल्या नाहीत. "पोरांकडून कोणताही धडा वाचून घ्या, भाऊ."

मी मुद्दाम शेवटचा, न शिकवलेला धडा काढला.

"तो नको," बाई घाईने म्हणाल्या. "आधीचा घ्या. दुसरा कोणताही घ्या." पहिल्यांदाच त्या माझ्याशी घासाघीस करत होत्या.

"हाच पाह्यजे."

पोरांनी पानं उघडली. पण पुस्तकाकडे कोणीच पाहिलं नाही. सगळे बाईंच्या ओठांकडे पाहत होते, माझी पोरगीसुद्धा.

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. सगळ्या वर्गानेही तसेच मिटून घेतले.