मारुतीच्या समईतलं तेल

आधी कबूल करते, त्या आठवड्यात माझा मारुतीरायावर रागच होता. वर्षभर न चुकता शनिवार केले, आणि माझ्या तीन वर्षांच्या सईला सर्दी झाली, तिनं दोन दिवस कान धरून रडून घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी उशीवर पू दिसला आणि रडणं थांबलं. कान फुटला, आता मोकळं वाटेल, असं सासूबाई म्हणाल्या. पण डावीकडून हाक मारली की सई वळेना. आधी मी तिला हट्टी म्हणाले. मग तिच्या डाव्या कानाशी चमचा वाजवून पाहिला, तरी ती वळली नाही.

आमच्या घरी कान फुटला की मारुतीच्या समईतलं तेल कोमट करून कानात घालायची रीत. वाटी घेऊन देवळात गेले. एरवी गुरव काही न विचारता तेल देतात. त्या दिवशी ते मानवतला गेले होते आणि त्यांची म्हातारी बायको बसली होती. ही बाई हाकेला ओ देत नाही म्हणून मी तिला कायम गर्विष्ठ समजायचे. तिनं कशाला हवं ते विचारलं आणि वाटी पालथी घातली.

"कान फुटलाय अन् तेल घालायलाव व्हय? माझ्या मायनंबी असंच घातलं व्हतं. ह्या कानानं मला कायबी ऐकू येत न्हाई. आदी दवाखान्यात जावा."

मला लाज वाटली. तशीच सईला घेऊन परभणीची एसटी धरली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तेल घातलं नाही ना?" पडद्याला छिद्र होतं. औषध दिलं, कानात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका म्हणाले. पडदा बहुधा भरून येईल, पण वाट पाहावी लागेल. ते दिवस मी नामस्मरणावर काढले. अमुक कर, तमुक कर असं देवाला सांगणं मात्र सोडलं.

दीड महिन्यानं तपासणीत पडदा भरून आला होता. त्या शनिवारी सईला देवळात नेलं. कुणीतरी तिच्या डावीकडची घंटा जोरात वाजवली. सईनं दचकून डाव्या कानावर हात दाबला आणि ती रडायला लागली. म्हातारी हसली, मी मात्र तिथंच रडले. देवानं मला तेल दिलं नाही, याबद्दल त्याचे किती आभार मानू?