शारजा ते नागपूर, साडेतीन तास

आता काय सांगू तुम्हाला, मूर्खपणा लोकांनी करायचा आणि आपण तो दाखवून द्यायचा, अशी मास्तर म्हणून माझी आयुष्यभराची समजूत! सलीमभाईंच्या मुलीच्या निकाहात ही समजूत भर मांडवात उताणी पडली.

सलीमभाई यवतमाळचे ट्रॅक्टर मेकॅनिक. कापूस बुडायला लागला, तसे दुरुस्तीला ट्रॅक्टर येईनात, म्हणून मुलगा इम्रान शारजाला गेला. बहिणीच्या निकाहाला तो येणार होता. नवरी शबाना तर अडूनच बसली होती, “भाई आल्याबिगर मी कबूल म्हननार नाई!”

विमान सकाळी दहाला निघणार होतं. निकाह ठेवला होता रात्री आठला. का? तर तिकिटावर नागपूरला पोहोचायची वेळ दुपारी तीन छापली होती! छापलेलं दिसलं की आमची माणसं हात जोडतात. विमानानं येऊन बांधावर दहा मिनिटं उभ्या राहिलेल्या साहेबालाही कपाशीतला जाणकार मानतात, तिथं तिकिटाचं काय!

मी नेट कॅफेत जाऊन दोन्ही विमानतळांमधलं अंतर काढलं.

“अडीच हजार किलोमीटर, सलीमभाई! साडेतीन तास! दहात साडेतीन मिळवा. किती वाजले?”

“दीड. पन तिकिटावर तीन लिहेल हाय ना, गुरुजी.”

“उशीर झाला त लोकायनं बोंबलू नये, म्हणून वाढवून छापतेत! एवढंही समजत नाही काय तुमाले?”

नागपूरहून यवतमाळपर्यंत जीपचे तीन तास धरून मी निकाह पाचवर आणला. पुसदची वरात उजेडात परत जाईल म्हणून नवऱ्या मुलाचे वडीलही खूश झाले. मी मांडवात मालकासारखा फिरू लागलो.

पावणेदोनला इम्रानला आणायला पाठवलेल्या जीपवाल्याचा नागपूरहून फोन आला.

“गुरुजी, विमान नाई आलं. बोर्डावर तीन दाखवून राह्यले.”

“बोर्डही त्यायचाच ना! दारापाशी उभा राह्य अन् पोराले पाह्य!”

पाच वाजले. काझीसाहेब वही उघडून बसले. सहा झाले. त्यांनी वही मिटली. शबाना आत रडत होती. लोक माझ्यावर जितके चिडले होते, तितकेच गार झालेल्या बिर्याणीवरही. सातला मुलाचे वडील उठले, “सलीमभाई, पोरगी कबूल म्हनत नसन, त आमी निंगतो.” सलीमभाई हात जोडून त्यांच्यासमोर उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगतो, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडेसातला इम्रान धावत आत आला. मी त्याच्यावरच उखडलो, “किती वाजले पाह्य!”

त्यानं मनगट पाहिलं. “सहा.”

“घड्याळ आहे का भंगार? दीड तास मागं!”

“शारजाचं हाय, गुरुजी. तिकडं दीड तास मांगंच राह्यते. सूर्य इकडं आधी निंगते ना!”

अख्खा मांडव माझ्याकडे वळला.

शबाना कबूल म्हणाली, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. मी चप्पल शोधत होतो, तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी मला गाठलं.

“गुरुजी, शाळेत तुमी शिकवता काय?”

“पीटी,” मी म्हणालो.

पण मांडवातली अर्धी माणसं माझ्याच हातून नापास झालेली. ती एका सुरात ओरडली, “भूगोल!”