देवबागची झोळी आणि एक वरवंटा

बाळ गेल्याला दोन वर्षं झाली होती. पाळणा मी माळ्यावर टाकला होता. सुमन, माझी बायको, खाली बसून त्याच्याकडे बघायची आणि मी एस.टी.चं वेळापत्रक बघत बसायचो. सुट्टी आली की घराबाहेर. त्यामुळे छापखान्यातला सोबती बाबल "आमच्या देवबागला येतोस? आम्ही तिघं झाडांना झोळ्या बांधून राहतो," म्हणाला, तेव्हा कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही.

जायचं असेल तर कोल्हापूरहून सकाळची मालवण गाडी धरा. फोंडाघाट उतरेपर्यंत काही खाऊ नका. मी खाल्लं होतं. पुढचं लिहीत नाही. मालवणपासून देवबाग वाळूतून पायी, बूट गळ्यात अडकवून.

झोळी म्हणजे बोटीवर खलाशी झोपतात ती. बाबलच्या भावाने एक आणली होती, तिच्यावरून या मंडळींनी मासेमारीच्या जुन्या जाळ्यांच्या झोळ्या केल्या. झाडं पाच-सहा पावलांच्या अंतरावर हवीत आणि झोळी कमरेइतकी उंच. माडाखाली बांधू नये, नारळ विचारून पडत नाही. सुरूची झाडं उत्तम. सगळं नीट बांधून मी ऐटीत बसलो आणि पलीकडून वाळूत पडलो. तिघांतले दुसरे, ड्रॉइंग मास्तर, शेजारच्या झोळीत हसू दिसू नये म्हणून तोंडावर टोपी घेऊन पडून राहिले. तिसरे गडी एस.टी.चे कंडक्टर, त्यांनी तेवढंही केलं नाही.

"तिरको नीज रे! सरळ निजलंस तर केळ्यासारखो वाकशील," बाबल ओरडला.

तिरका झालो आणि पाठ खरंच सरळ झाली. मला मंडळींत घेतल्याचं तेवढ्यावरच ठरलं.

दुपारी बाबलच्या आईकडे उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला बांगडा. जेवून आलो आणि गप्पा मारता मारता मी माझी रिकामी झोळी हाताने हलवत उभा राहिलो. मागून म्हातारी जवळजवळ धावतच आली.

"रिकामी झोळी हलवू नको! घरात पोर आसा मां तुझ्या?"

"होता," मी म्हणालो. दोन वर्षांत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फार वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

ती तशीच वळली. घरात जाऊन वरवंटा घेऊन आली आणि झोळीत ठेवला. रिकामा पाळणा हलवला तर पोराला बाधतं म्हणतात; बारशाला आमच्याकडेही पाळण्यात आधी वरवंटाच घालतात.

"आता हलूंदे," ती म्हणाली. "बायल खंय आसा?"

"घरी."

"तिका कित्याक आणूक नाय?"

मी वरवंट्यासकट झोळी हलवत राहिलो.

तीन दिवसांनी परतलो ते बाबलने दिलेली झोळी घेऊन. सोप्याच्या खांबांना ती बांधता बांधता सुमनला सगळं सांगितलं, वरवंट्यासकट. तिने ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरातून आमचा वरवंटा आणला आणि शिडी लावायला सांगितली. मी माळ्यावर चढून तो पाळण्यात ठेवला. पाळणा किती हलका आहे हे मी विसरलो होतो.

खाली आलो तर सुमन झोळीत पडली होती, अगदी सरळ.

"तिरकी हो," मी म्हणालो.

ती तिरकी झाली. डोळे न उघडताच तिने विचारलं, "अहो, ती मालवणची गाडी किती वाजता असते?"