वन्संचं डबीतलं ऊन

मे महिन्यात सगळी रत्नागिरी काळवंडते, आमच्या वन्सं तेवढ्या उजळतात. ‘गोऱ्या होतात’ असं म्हणायची मात्र सोय नाही. तो शब्द त्यांच्यासमोर काढला की समोरच्याचं काही खरं नसतं. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची पाठची बहीण, कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, अविवाहित, आणि वर्णानं चांगली सावळी. या वयात बायका जपमाळ हातात घेतात, वन्संनी ब्रश घेतला. मोबाइलवर बघून बघून शिकल्या. आधी ब्रॉन्झर, म्हणजे उन्हाची रंगत आणणारी तपकिरी पावडर. ती कपाळाच्या कडेला, गालाखाली, नाकावर, “जिथे ऊन आपणहून बसतं तिथेच.” मग पातळ हायलायटरचा, म्हणजे चमक आणणाऱ्या रंगाचा, एकच थेंब गालाच्या हाडावर, बोटानं थोपटून. नव्वदीला टेकलेल्या माझ्या सासूबाई कपाळाला हात लावतात. “अगो, ऊन लागू नये म्हणून लोक छत्री घेतात, नि तू ऊन डबीतून विकत आणत्येस?”

त्यात इथली दमट हवा. उन्हाळ्यात सगळ्यांचीच तोंडं चकाकत असतात. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, “घाम कुठेही येतो, वहिनी. ग्लो सांगितलेल्या जागी येतो.” एकदा अशाच नटून मासळीबाजारात गेल्या. मासेवाली त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाली, “गालाला खवला लागलाय गो बाय, पूस!” दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. वन्संनी तिच्याच टोपलीतला बांगडा उचलून उन्हात धरला. “पाठ बघ, काळी-निळी. पोट बघ, चांदी. हा कधी गोरा व्हायला गेलाय काय?” तेव्हापासून आमच्या घरी बांगडा तळण्याआधी त्याच्या रंगाचं कौतुक ऐकावं लागतं.

यंदा मेमध्येच माझ्या लेकीचा साखरपुडा ठरला. लेक आत्याच्या रंगावर गेलेली. मुलाच्या काकूंचा निरोप आला, “मेकअप जरा उजळ करा हं, फोटो चांगले येतात.” खरं सांगते, मी पार्लरवालीला फोन लावलाही. वन्संनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि इतक्या वर्षांत कधी न सांगितलेलं सांगितलं. त्यांच्या लग्नासाठी काढलेल्या फोटोत स्टुडिओवाल्यानं पावडर थापून त्यांना गोरं केलं होतं. फोटो पसंत पडला. मंडळी घरी आली, वन्सं पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेल्या, आणि मुलानं विचारलं, “फोटोतली मुलगी कुठे आहे?”

“हिला ते ऐकायला नको,” वन्सं म्हणाल्या. मला माझीच लाज वाटली.

साखरपुड्याच्या सकाळी त्यांनी लेकीला खिडकीपाशी बसवलं आणि तासभर कुणाला आत येऊ दिलं नाही. लेक बाहेर आली ती तिच्याच रंगाची, नुकतीच भाट्याच्या किनाऱ्यावर फिरून आल्यासारखी टवटवीत. काकूंच्या भुवया वर गेल्या. वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. मुलगा लेकीकडे बघतच राहिला. मग हसून म्हणाला, “मला वाटलं, आज ओळखूच येणार नाहीस. पण तूच आहेस की!”

वन्सं उठून मागच्या पडवीत गेल्या. मी पाठोपाठ गेले तर पदरानं डोळे पुसत होत्या. गालावरचा तपकिरी रंग सगळा पदराला लागला होता.

“चांगलं बोललान गो,” त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, “इतकं सोपं असतं बोलायला, वहिनी.”