पवनचक्कीच्या दारामागच्या हाका

वाशीच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा आमचा उत्तरेश्वर गावातला सगळ्यांत शहाणा माणूस होता, निदान स्वतःच्या मते. परळीला कोळसा जाळून वीज होते, कोयनेला पाण्यावर होते, हे आम्ही निमूट मान्य केलं होतं. वाऱ्यावर वीज म्हटल्यावर मात्र सगळे पंडित झाले. दुष्काळाच्या साली उत्तरेश्वरनं पारावर सांगितलं, "ही पाती ढग कापत्यात. म्हणून पाऊस न्हाय." आम्हाला ते पटलं. दुष्काळाच्या नावावर मी सुटका करून घेत नाही, आम्ही मूर्खच होतो.

एका दुपारी आम्ही पंधराजण माळावर गेलो. एक चक्की दुरुस्तीसाठी थांबवलेली होती, तिचं लोखंडी दार नुसतं लोटलेलं. उत्तरेश्वरनं त्याला आपल्या गोठ्याचं कुलूप ठोकलं आणि आम्ही बाहेर घोषणा देत बसलो. आत संघपाल होता. आमच्याच गावच्या ज्ञानोबाचा मुलगा, चक्क्यांच्या दुरुस्तीच्या कामावर नुकताच लागलेला. त्याचा मोबाइल चक्कीमागं उभ्या मोटारसायकलच्या डिकीत राहिला होता. संध्याकाळी कंपनीच्या माणसांनी कुलूप तोडलं, तेव्हा तो आतल्या उकाड्यानं दाराशी बेशुद्ध पडलेला होता. दोन दिवस सलाइनवर काढले त्यानं.

"आत माणूस हाय हे कुणाला ठाव?" उत्तरेश्वर सगळ्यांना सांगत सुटला. संघपालनंही ते खरं मानलं. चक्की महिनाभर बंद राहिली, एक ढग फिरकला नाही.

पुढं कंपनीनं गावातलीच माणसं राखणीला घेतली. उत्तरेश्वर त्याच चक्कीवर राखणदार झाला, मी शेजारच्या. संघपाल वर चढला की खाली दाराशी एक माणूस उभा ठेवायचा नियम झाला होता. तो माणूस उत्तरेश्वर. संघपाल त्याला तात्या म्हणायचा, आपल्या डब्यातली अर्धी भाकरी पुढं करायचा. उत्तरेश्वर ती तशीच फडक्यात बांधून ठेवायचा.

"त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर लई बरं झालं असतं," तो मला म्हणायचा.

गेल्या चैत्रात संघपाल काम आटपून खाली आला, पाणी प्यायला. उत्तरेश्वरनं मान खाली घालून सांगितलं, "संघपाल, त्या दिवशी तुझ्या हाका मला ऐकू आल्या व्हत्या. 'तात्या, म्या हाय आत,' म्हणत व्हतास. कुलूप काढलं असतं तर लोक हसले असते. म्हणून म्या घोषणा वाढवायला लावल्या."

संघपालनं पाण्याच्या बाटलीला झाकण लावलं. मग "सांगितलंत ते बरं केलं," एवढंच म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

अजूनही तो उत्तरेश्वरला तात्याच म्हणतो. फक्त वर चढताना आता दाराशी मला बोलावतो. परवा म्हणाला, "काका, तुमच्यावर भरवसा हाय."

मी मान हलवली. लाजेनं त्याच्या पाठीकडंही बघवेना. त्या दिवशी मी दाराला अगदी खेटून उभा होतो. हाका मलाही ऐकू आल्या होत्या, आणि त्या बुडाव्यात म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडलो होतो.