सुरमईसारखं जपलेलं औषध

जयगडच्या काशीला बर्फाबद्दल कुणी शिकवायला जाऊ नये. गेलाच कुणी, तर चार शब्द ऐकून परत येईल. चाळीस वर्षं ही बाई मासळी विकतेय. सुरमई लांब पाठवायची तर बर्फ किती बारीक फोडायचा, थर कसे लावायचे, वरून मूठभर खडा मीठ मारलं की गारवा कसा चढतो, हे तिच्या हातांना पाठ. नवरा गेल्यावरही तिने डोक्यावरची मासळीची पाटी खाली ठेवली नाही. आपली मासळी नासली असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय, असं ती स्वतःच सांगते. खोटंही नाही ते.

तिची सून दीपाली मंडणगडकडची, शेतकऱ्याघरची. नवी नवरी म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी मासळीच्या वासाने ओकली. काशीने ते चौदा वर्षं लक्षात ठेवलं! सासू-सुनेचं जमत नव्हतं, हे अख्ख्या वाडीला माहीत होतं. मुलगा केतन मुंबईला कामाला, त्यामुळे घरात ह्या दोघी आणि दहा वर्षांची नात आरोही.

अशात दीपालीच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर.

तेव्हा काशी हलली. जमत नसलं म्हणून काय झालं, घरातली लेकीसारखी बाई! रत्नागिरीच्या हॉस्पिटलात डॉक्टर योगिनी म्हणाल्या, आधी औषधांनी गाठ लहान करू, मग ऑपरेशन. औषधं दोन, आणि दोन्ही बरोबरीने द्यायची. एक केमो. ती वाढत्या पेशी मारते, पण आपलं-परकं बघत नाही, म्हणून केस जातात, तोंड येतं. दुसरं अँटिबॉडीचं इंजेक्शन. दीपालीच्या गाठीच्या पेशींवर एक खूण सापडली होती. ही अँटिबॉडी नेमकी ती खूण ओळखून तिथेच चिकटते. दोघांची जोडी जमली तर गाठ झपाट्याने उतरते, म्हणाल्या.

अँटिबॉडीची बाटली मदतयोजनेतून मुंबईला मिळायची. दर तीन आठवड्यांनी केतन ती निळ्या जेलच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून घरी आणायचा, आणि सकाळी सगळी रत्नागिरीला जायची. "आये, थंड ठेवायची हां, फ्रीजमध्ये," त्याने पहिल्या वेळीच बजावलं होतं.

फ्रीज! जयगडात लाइट कधी जाईल ह्याचा भरवसा आहे का? आणि त्या निळ्या पिशव्या तर काशीने हातात घेऊन दाबून बघितल्या आणि नाक मुरडलं. "ह्यांनी काय व्हतंय? ह्यात बोंबील टिकायचा नाय." तिने स्वतःची थर्माकोलची पेटी घासूनपुसून काढली. खाली बर्फाचा चुरा, मध्ये बाटली, वर पुन्हा चुरा, आणि सुरमईला मारते त्याहून एक मूठ जास्त खडा मीठ. सकाळी बाटली दगडासारखी घट्ट. काशी खूश. मग ती बाटली साध्या डब्यात घालून सगळी एसटीने निघायची. पोचून नंबर लागेपर्यंत दुपार व्हायची, तोवर बाटलीतलं औषध वितळून पुन्हा पातळ झालेलं असायचं. नर्स विचारायची, "थंड ठेवलं होतं ना, मावशी?" काशी छाती पुढे काढून म्हणायची, "एकदम बर्फात!" पुढे कुणी काही विचारलं नाही. तीन वेळा असंच झालं.

चौथ्या वेळी शेजारच्या रघूची गाडी रत्नागिरीला निघाली होती. तासाभरात पोचले आणि पहिलाच नंबर लागला.

डॉक्टर योगिनींनी सोनोग्राफीचा कागद पुढे ठेवला. चेहरा उतरलेला. "आतापर्यंत गाठ निम्मी तरी व्हायला हवी होती. जेमतेम हललीय. हे अँटिबॉडीचं औषध दीपालीला लागू पडत नाहीसं दिसतं. आजचा डोस देऊ, आणि मग ते थांबवावं लागेल. योजनेतून नावही काढावं लागेल."

दीपाली डोक्याचा रुमाल सारखा करत राहिली. केतनने मान खाली घातली. काशी हातातल्या डब्याकडे बघत राहिली. एवढं जपून आणलेलं औषध, आणि लागू पडत नाही?

"बाटली द्या," डॉक्टर म्हणाल्या.

काशीने डबा उघडून दिला. डॉक्टरांनी बाटली उचलली, तिरकी केली, पुन्हा तिरकी केली. आतलं काही हललं नाही.

"हे गोठलंय!"

"व्हय तर," काशी कौतुकाने म्हणाली. "चांगलं कडक ऱ्हायलंय."

"मावशी! हे औषध थंड ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं! एकदा गोठलं की ते बिघडतं. ते द्यायचं नाही, फेकूनच द्यायचं!"

काशीला आधी कळलंच नाही. बर्फाने बिघडतं? बर्फाने? उभ्या जन्मात बर्फाने काही बिघडलेलं तिने पाहिलं नव्हतं. बर्फ नसला की बिघडतं! मग अर्थ हळूहळू आत उतरला.

"आजच झालं का असं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आजच, मॅडम," केतन घाईने म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. घरी आल्यावर बाटली आईच्या हाती दिली की तो झोपायचा.

काशी नुसती गप्प राहिली असती तरी भागलं असतं. आधीच्या तीन बाटल्या गोठलेल्या तिच्याशिवाय कुणी पाहिल्या नव्हत्या. वाडी काय म्हणेल हे तिला उभ्या उभ्या ऐकू येत होतं: सासूने सुनेचं औषध मारलं, आधीपासून पटत नव्हतंच. पण गप्प राहिलं तर डॉक्टर समजणार औषध लागू पडत नाही. आणि ते बंद करणार.

"आजच नाय," ती म्हणाली. "चारी बाटल्या. चारी मी मिठाच्या बर्फात घातल्या व्हत्या. दगड झाल्या व्हत्या चारी."

"आये!" केतन ओरडला. "काय केलंस गं तू!"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. "अंगावर काही उलटलं नाही हे नशीब. चूक आमचीही आहे, नीट विचारलं नाही आम्ही. पण मग औषध लागू पडत नाही, असं मला म्हणता येणार नाही. धड औषध बहुधा तिच्या अंगात गेलंच नाही. आज नुसती केमो देते. नवी बाटली थेट आमच्या फ्रीजमध्ये येईल, आणि अँटिबॉडी पहिल्या डोसापासून धरू. गुण येईलच अशी खात्री देत नाही, पण आशा आहे."

काशीची दीपालीकडे बघायची छाती होत नव्हती.

दीपालीच उठली. तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दोन महिने गाठ हलेना म्हणून मी माझ्याच अंगाला शिव्या घालत होते, आई. रात्र रात्र निरवानिरव ठरवत होते. आरोहीला कुणाकडे ठेवायचं, माझ्या माहेरी की कुठे. शेवटी तुमच्याच पदरात घालायचं ठरवलं होतं."

काशीने डोळे मिटले.

"आता नाही घालणार," दीपाली म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "माझी पोर मीच वाढवीन."

"वाढव गं बाये," काशी कशीबशी म्हणाली. "तूच वाढव."